तिसऱ्या वाडग्याचं वजन

माझ्या वयाची माणसं लढाईच्या वर्षांतल्या आठवणी काढतात तेव्हा कुणी तुरुंगातल्या सांगतो, कुणी रॉकेलच्या रांगेतल्या. माझी पाळी आली की मी सांगतो, मी डुकरं तोलत होतो. ऐकणारे आधी हसतात, मग जरा सरकून बसतात. त्यांचा मला राग येत नाही. माझ्या वडिलांनी तर मला अंघोळ केल्याशिवाय ओसरीवर चढू दिलं नव्हतं.

आम्ही धानोऱ्याचे. घरची शेती, पण चार भावांत मी धाकटा, फायनल पास झालेला आणि म्हणून नांगराला निकामी. नंदुरबारच्या जिनिंगमध्ये, कचेरीत, वखारीत, जिथे शाई-दौत दिसेल तिथे अर्ज केले. शेवटी जागा मिळाली ती स्टेशनपासून कोसभर लांब, नाल्याकाठच्या माळावर. मुंबईच्या पिंटोसाहेबांनी तिथे डुकरांचा फार्म काढला होता. पलटणींच्या छावण्यांना जिवंत डुकरं पुरवायचा ठेका त्यांच्याकडे होता. त्यांना लिहिता-वाचता येणारा, वजनकाट्याला न घाबरणारा माणूस हवा होता. पगार जिनिंगच्या दीडपट. पहिल्याच दिवशी कळलं की वरचा अर्धा पगार वासाचा आहे.

"नोकरी कर," वडील म्हणाले, "पन त्या कपडा घालीसन घरमा येवू नको."

मग गोठ्यामागे एक खुंटी ठोकली. फार्मचे कपडे तिथे उतरवायचे, बायकोने ठेवलेल्या कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ करायची आणि मग माणसांत यायचं. फार्मवर मला सगळे 'मेहताजी', म्हणजे हिशेबनीस, म्हणत; साहेब तेवढे आडनावाने 'पाटील'. गावात कुणी काहीच म्हणत नसे.

बाहेरच्याला वाटतं, डुक्कर पाळायला काय लागतं, उकिरड्यावर सोडलं की आपोआप वाढतं. मलाही तसंच वाटत होतं. उकिरड्यावरचं डुक्कर वाढतं, पण त्याच्या वाढीला कुणी पैसे मोजलेले नसतात. आमच्याकडचं प्रत्येक डुक्कर विकत घेतलेला दाणा खाई, म्हणून आमचा सगळा धंदा एका प्रश्नावर उभा होता: कोणत्या वयाला किती खाऊ घालायचं आणि कोणत्या दिवशी विकायचं.

हे मला साहेबांनी शिकवलं नाही, तुळसामायने शिकवलं. तुळसामाय पन्नाशीची, पिढ्यान्‌पिढ्या डुकरं घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या घरातली बाई. एका वर्षी तापाची साथ आली आणि तिची सगळी डुकरं आठ दिवसांत गेली. नवराही त्याच साली गेला. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या डुकरांवर पोट भरत होती. तिला अंक वाचता येत नव्हते, पण डुकराच्या पाठीवरून हात फिरवून ती वजन सांगे. मी मागाहून काट्यावर घ्यायचो. तीन-चार रत्तलांपलीकडे, म्हणजे दीड-दोन शेरांपलीकडे, तिची चूक मी कधी धरली नाही.

फार्मवर डुकरं कोंडायची चार वाडगी होती, बाभळीच्या काट्यांची आणि दगडांची. पहिल्यात व्यायलेल्या माद्या. इथे सगळा खर्चच. मादी दोघांचं खाते, आठ-नऊ पिल्लं देते आणि कूस बदलताना त्यातली दोन-तीन स्वतःच्या अंगाखाली चिरडते. तुळसामाय पहिले तीन दिवस तिथून हलत नसे. दुसऱ्या वाडग्यात दूध तुटलेली पिल्लं. आईपासून तोडलं की पंधरा दिवस ती रुसतात, पोट बिघडतं, वजन जागच्या जागी राहतं. तेवढं निभावलं की मात्र तीन महिन्यांपासून पुढे जो काळ येतो तो सोन्याचा. अडीच-तीन शेर दाणा घाला, शेरभर वजन तुमच्या हातात. मग ती तिसऱ्या-चौथ्या वाडग्यात जात. तिथे सातवा महिना उलटला की त्याच शेरभर वजनाला पाच शेर दाणा लागे, आणि वाढे ती नुसती चरबी.

"भाऊ, लहान जीव खास ते हाडमासले लागस," तुळसामाय सांगे. "मोठा जीव खास ते पोटले लागस."

छावणीची अट होती, एकशे तीस ते एकशे सत्तर रत्तल. त्याखाली घेणार नाहीत, त्यावर गेलं की चरबीचा माल म्हणून भाव पडणार. म्हणजे विकायचे दिवस जेमतेम वीस-पंचवीस. केळीच्या घडासारखं हे काम. आज कच्चं, परवा पिकलेलं, त्यानंतर काळं.

खरेदीला छावणीचे एक जमादार येत. उत्तरेकडचे, उंच, शुद्ध शाकाहारी. एका हाताने नाकाला रुमाल लावत आणि दुसऱ्या हाताचा अंगठा डुकराच्या पाठीच्या कण्यालगत रोवत. अंगठा सहज रुतला तर म्हणत, "चरबी है." नाही रुतला तर, "ठीक." या दोन शब्दांपलीकडे ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. त्या अंगठ्यावर आमचं वर्ष ठरे. जाताना ते नाल्यावर इतका वेळ हात धूत की तुळसामाय म्हणे, "बामनना अंगठा झिजी जाई."

सांगायची गोष्ट आहे ती दुसऱ्या उन्हाळ्याची.

चैत्र निम्मा झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वाडग्यातली पन्नास डुकरं तयार झाली. मी स्टेशनात वॅगन मागितली. मास्तर म्हणाले, आठवड्याने बघू. आठवड्याने गेलो, तर म्हणाले, पुढच्या आठवड्यात. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मी आवाज चढवून म्हणालो की माल लष्करासाठीच आहे.

"तुमचा माल लष्करासाठी आहे, मेहताजी," मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "पण अजून लष्कराचा नाही. लष्कराचा झालेला माल आधी जातो."

मी परत येऊन वाडग्यासमोर उभा राहिलो. पन्नास जनावरं चिखलात पसरली होती आणि मला ती नुसत्या डोळ्यांनी वाढताना दिसत होती. दुसरा कुठलाही माल वखारीत पडून राहिला तर पडून राहतो. हा माल रोज दोन वेळा खात होता आणि खाऊन खाऊन स्वतःचा भाव पाडत होता.

त्यात ऊन. डुकराला घाम येत नाही, हे फार लोकांना ठाऊक नसतं. चिखल मिळाला नाही तर ते दुपारी उभ्या उभ्या धापा टाकतं आणि पडतं ते उठत नाही. नाल्यातलं पाणी आटत चाललं होतं. पाणी भरायला पाच-सहा बायका रोजाने होत्या, त्यांची मुकादम वेस्ती नावाची बाई. डोंगरातल्या काठी गावाच्या वरच्या एका पाड्यावरची, तिशीची, काटक. त्या वर्षी डोंगरात पिकलं नव्हतं. माणसं घरंच्या घरं सपाटीला उतरली होती. नाल्यापलीकडे आंब्याखाली तीन दगडांच्या चुली मांडून राहत. ज्वारी दुकानातून दिसेनाशी झाली होती. ज्याच्या कणगीत होती तो ती झाकून ठेवी. आमच्याकडे मात्र साहेबांच्या ठेक्याच्या कागदावर पोत्यांनी येई. दुपारी मोठ्या कढईत ती शिजवायची, गार झाली की वेस्तीने कुंड्यांत ओतून वर पेंड, चुणी कालवायची. शिजत्या ज्वारीचा वास नाल्यापलीकडे जात असणार. त्याचा विचार मी तेव्हा केला नाही. माझ्या डोक्यात वॅगन होती.

दर सोमवारी मी डुकरं तोलत असे. बांबूचा पिंजरा काट्यावर ठेवायचा, एकेक आत घालायचं, कानाच्या खुणेवरून वहीत लिहायचं. त्या सोमवारी चौथ्या वाडग्याचं वजन नेहमीसारखं वाढलेलं होतं. तिसऱ्याचं जवळजवळ जागच्या जागी होतं.

मी काटा तपासला. माझंच वजन केलं. काटा बरोबर होता.

पुढच्या सोमवारी तेच. दाणा दोन्हीकडे सारखा, वय सारखं, एकाच नराची पोरं. एक वाडगं वाढतं आणि शेजारचं वाढत नाही, याचा या धंद्यात एकच अर्थ पहिल्यांदा मनात येतो. ताप शिरला असेल तर आठ दिवसांत तिसरं वाडगं जाईल, पंधरा दिवसांत चारही. तुळसामायची सगळी डुकरं अशीच गेली होती. मी तिला वाडग्यात नेलं. तिने दोन-चारांचे कान धरून पाहिले, पोटाखाली हात घातला.

"अंग गार शे," ती म्हणाली. "चट्टा नहीत."

"मग वजन का वाढत नाही?"

"उन्हाळा शे, भाऊ." आणि ती पहिल्या वाडग्याकडे निघून गेली.

मी तालुक्याचे ढोरांचे डॉक्टर आणले. ते कुंपणापासून वीस हात लांब, छत्रीखाली उभे राहिले. तिथूनच विचारलं, "खातात का?"

"खातात. कुंड्या चाटून पुसून साफ करतात."

"मग ताप नाही. जंत असतील." औषधाची चिठ्ठी त्यांनी दगडाखाली ठेवली, मी ती उचलून घ्यायची म्हणून.

डॉक्टर शहाणे होते. तापलेलं डुक्कर कुंडीकडे पाठ करून झोपतं. आमची तर कुंडीच्या काठावर दात घासत होती. ती भुकेली आहेत, एवढी साधी गोष्ट डुकरांनी मला तोंडाने सांगायची बाकी ठेवली होती. पण दाणा मी स्वतः मोजून देत होतो. म्हणजे भुकेली असणं शक्य नव्हतं. वहीत लिहिलेलं डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा खरं वाटायचं माझं वय होतं.

जंताच्या औषधानेही काही झालं नाही. मग माझा संशय पेंडीवर गेला. शेंगदाण्याची पेंड रहीमभाईंच्या घाण्यावरून येई. रहीमभाई नंदुरबारचे जुने तेलवाले. त्यांची गाडी आमच्या हद्दीच्या बाभळीपाशी थांबे. पोती तिथेच उतरवत, पैसेही बाभळीच्या फांदीला टांगलेल्या पिशवीतून घेत. आत पाऊल टाकत नसत आणि पेंड कधी ओलसरही देत नसत. मी भर बाजारात त्यांच्या दुकानी गेलो. चार गिऱ्हाइकं उभी होती.

"रहीमभाई, पेंडीत काही मिसळताय का?"

रहीमभाईंनी पेंडीचा एक तुकडा मोडला, तोंडात टाकला, सावकाश चावून गिळला आणि वरून पाणी प्यायले.

"मेहताजी," ते म्हणाले, "ज्या जनावरनं नाव मी घरमा लेत नही, त्यान्या पेंडमा बी मी माटी कालवी नही. खोटा धंदा करना व्हता तर माणससना तेलमा कया असता."

मी खाली मान घालून परत आलो. साहेबांना कळवायला हवं होतं, पण काय कळवणार? 'डुकरं खातात आणि वाढत नाहीत, कारण माहीत नाही' असं लिहिणारा मेहताजी कोण ठेवील? आणि मला काढलं असतं तर डुकरं तोललेल्या माणसाला जिनिंगवाल्यांनी दारात उभं केलं नसतं.

एकच गोष्ट पाहायची राहिली होती. दाणा मी कोठीतून मोजून देत असे, कढईत पडताना पाहत असे, मग भाकरी खायला छपराखाली जात असे. कढईपासून कुंडीपर्यंतचा रस्ता मी कधी पाहिला नव्हता. त्या दुपारी मी भाकरी न सोडता वजनाच्या पिंजऱ्यामागे जाऊन बसलो.

वेस्तीने घमेल्यात शिजलेली ज्वारी भरली. चौथ्या वाडग्याच्या कुंड्या भरल्या. मग तिसऱ्याचं घमेलं डोक्यावर घेतलं, वाडग्याला वळसा घातला आणि नाल्याच्या उतारावर गेली. तिथे पाच बायका मडकी घेऊन बसल्या होत्या. गडबड नाही, बोलणं नाही. वेस्ती वाटीने एकेकीच्या मडक्यात घुगऱ्या घालत होती. प्रत्येकीला दोन वाट्या. एकीच्या मांडीवर तान्हं होतं, तिला तीन. तिसऱ्याच्या प्रत्येक घमेल्याचं असंच झालं. मग शेवटचं, उरलेलं घमेलं घेऊन ती वर आली आणि तिसऱ्याच्या कुंड्यांत ओतायला लागली.

मी उठून उभा राहिलो. तिने मला पाहिलं. पळाली नाही. घमेलं पालथं करून झाडलं, खाली ठेवलं आणि माझ्यासमोर आली.

"लिखी ले, दादा," ती म्हणाली. "मन्हं नाव लिखी ले."

माझ्या हातात वही होती. तेवढ्यात पहिल्या वाडग्यातून तुळसामाय लगबगीने आली आणि वेस्तीच्या पुढे उभी राहिली.

"मी सांगं तिले," ती म्हणाली. "लिखनं व्हई ते मन्हं लिख."

"तुळसामाय, तू? मी इथे तापाच्या भीतीने मरतोय आणि तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक व्हतं. सांगं असतं तर तू काय करतास?"

मी नाल्याच्या उताराकडे पाहिलं.

"ती पयले दुसरा वाडगामातून लेनार व्हती," तुळसामाय म्हणाली. "मी सांगं, बाई, लहानगासना घास लेवू नको, त्यासना दिन वाढाना शेतस. मोठासना ले. गाडी येत नही आणि ह्या खाई खाई चरबी करी ऱ्हायनात. तूच सांगस ना, एकशे सत्तरना वर गया की भाव पडस? मंग वाया कोना घास जाई ऱ्हायना? तूच सांग."

माझ्याच वहीतला हिशेब होता तो. मीच तिला मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितला होता. त्यातली एक चूक मला काढता आली नाही.

मी नाव लिहिलं नाही. वही बंद केली आणि छपराखाली जाऊन बसलो. थांबवलं नाही, परवानगीही दिली नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारी मी मुद्दाम नाल्याकडे पाठ करून भाकरी खायला लागलो. हा माझा त्या वेळचा धीर. संध्याकाळी रहीमभाईंच्या दुकानी गेलो, माफी मागायची म्हणून. तिथे तोंड उघडलं तर शब्द निघाले, "अर्धा शेर तेल द्या." त्यांनी तोलून दिलं, वर पळीभर जास्त घातलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

त्यानंतरचे बारा-तेरा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. रस्त्यावर टांग्याचे घुंगरू वाजले की वाटे साहेब आले. न कळवता यायची त्यांची सवय होती. ते दुपारी आले तर? नाल्याच्या उतारावर उभे राहिले तर? वेस्ती जाईल, तुळसामाय जाईल, मीही जाईन. पाणी भरणाऱ्या बायकांपैकी एखादी भांडून चुगली करील, अशीही भीती होती. कुणी केली नाही. उलट त्या दिवसांत पाण्याच्या खेपा वाढल्या. एवढ्या उन्हात आमचं एकही जनावर पडलं नाही.

वॅगन आली ती अचानक. सकाळी स्टेशनातून माणूस धावत आला: दोन वॅगन मिळाल्यात, दुपारपर्यंत भरा, नाहीतर जातील. जमादार आदल्या दिवसापासून स्टेशनातच येऊन बसले होते. आम्ही पन्नास डुकरं कोसभर हाकत नेली. वेस्ती आणि तिच्या बायका दोन्ही बाजूंनी पाणी शिंपडत धावत होत्या. फलाटावर जमादारांनी रुमाल लावला आणि अंगठा काढला.

चौथ्या वाडग्याची चोवीस. "ठीक. चरबी है. चरबी है. ठीक. चरबी है." चोवीसांतली तेरा चरबीत गेली. पडत्या भावाने घेतली.

मग तिसऱ्याची सव्वीस. "ठीक." दुसरं, "ठीक." दहावं, "ठीक." सव्वीसच्या सव्वीस ठीक. जमादारांनी शेवटी रुमाल काढला आणि पहिल्यांदाच तिसरं वाक्य बोलले, "ये किसने पाला?"

मी म्हणालो, "मैंने."

तुळसामाय शेजारी उभी होती. तिला तेवढं हिंदी कळत होतं.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगला विचार करून मी साहेबांना पत्र लिहिलं. आता वाटतं, दोन ओळी पुरल्या असत्या: इतकी गेली, इतका भाव आला. पण तिसऱ्या आणि चौथ्या वाडग्यातला फरक त्यांच्या नजरेत येणारच होता, तो समजावून द्यायला हवा, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला शाबासकी हवी होती. मी लिहिलं की वॅगनला उशीर होतोय हे पाहून तिसऱ्या वाडग्याचा दाणा मी विचारपूर्वक चौथाईने कमी केला. उरलेला वाढत्या पिल्लांना घातला. मोठ्या डुकराला शेवटच्या महिन्यात पोटभर घालणं म्हणजे दाणा वाया घालवणं आहे. पत्र दोनदा वाचलं. अक्षर सुंदर आलं होतं.

साहेब आठवड्यात हजर झाले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. पगार वाढवला. आणि माझ्या पत्रातली ओळ मलाच वाचून दाखवत म्हणाले, "तुम्ही हे सिद्ध करून दाखवलंत. आता सगळ्याच मोठ्यांचा दाणा चौथाईने कमी. पिल्लांनाही जास्तीचा नको, त्यांची वाढ पूर्वी होती तशी ठीक आहे. उरेल तो कोठीत. शिजवून मोजायचा, कुंडीपर्यंत तुम्ही बरोबर जायचं." कोठीला नवं कुलूप आलं. किल्ली माझ्याकडे दिली, विश्वासाचा माणूस म्हणून.

त्या दुपारी मी वेस्तीबरोबर कुंडीपर्यंत चालत गेलो. नाल्याच्या उतारावर बायका बसलेल्या होत्या. वेस्तीने घमेलं कुंडीत ओतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आते असंच का, दादा?"

"साहेबांचा हुकूम आहे."

तिने मान हलवली. मडकी घेऊन बायका उठल्या. पुढचे चार दिवस ती पाण्याला आली, पाचव्या दिवशी आली नाही. आंब्याखाली जाऊन पाहिलं तर चुली थंड होत्या.

तुळसामायने मला फक्त एकदा विचारलं, "तू साहेबले काय लिखं व्हतं?"

मी सगळं सांगितलं. ती तंबाखू मळत होती, मळायची थांबली.

"शहाना शेस तू," ती म्हणाली, आणि त्यानंतर कित्येक दिवस तिने मला वजन सांगितलं नाही. मी काट्यावर घ्यायचो, ती दुसरीकडे पाहायची.

माणसं प्रकाशा गावाकडे गेलीत, तापीच्या पात्रात टरबुजांच्या वाड्यांवर काम मिळतंय, असं कुणीतरी म्हणालं. मी रविवारी निघालो. बायकोने काही न विचारता कणगीतून ज्वारी काढून पिशवी भरून दिली. कोळशावर चालणारी मोटर वाटेत दोनदा बंद पडली. पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वाळूत लांबवर वेलींच्या रांगा होत्या आणि त्यांत वाकलेल्या बायका. ती वेस्तीच आहे हे मला तिच्या चालण्यावरून कळलं. कडेला तिच्या दोन पोरी बसून टरबुजाच्या सालीचा पांढरा भाग कुरतडत होत्या.

मी पिशवी पुढे केली.

"साहेबनी धाडी का?" तिने विचारलं.

"नही. मन्ही शे. घरनी."

"कितली शे?"

"बारा शेर," मी लगेच म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की निघण्याआधी मी ती तोलली होती. कुणी सांगितलं नव्हतं. हाताला सवय झाली होती.

तिने पिशवीचं तोंड सोडलं, ज्वारी आपल्या टोपलीत ओतली, पिशवी उलटी करून शिवणीत अडकलेले दाणेही झटकून घेतले. मग पिशवीची नीट घडी घालून माझ्या हातात दिली.

"टरबूज दिधं असतं, दादा," ती म्हणाली, "पन वाडी दुसरानी शे. तोही मोजी ठेवस."

आणि ती परत रांगेत जाऊन वाकली. वरून मोटरचा भोंगा वाजला. कंडक्टर हाका मारत होता.

पुढे लढाई संपली, छावण्या हलल्या, फार्म बंद झाला. तोपर्यंत आणखी दोन वर्षं मी तिथे काढली. साहेबांना दर आठवड्याला पत्र लिहीत होतो. किती जन्मली, किती गेली, कोणत्या वाडग्याचं वजन किती. त्यांनी दोनदा विचारून पाहिलं, "पाटील, तुमचं काही निरीक्षण? पूर्वी छान लिहायचात." मी लिहायचो, विशेष काही नाही.